स्लॅबवरून परस्पर नेलेल्या वायरी: कापू की गप्प बसू?

पत्र थोडक्यात असं आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात सासऱ्यांनी बांधलेलं स्लॅबचं घर, पत्र लिहिणाऱ्या ताई मिस्टरांच्या नोकरीमुळे पिंपरीला, गावाला जाणं गणपती आणि जत्रेपुरतं. सासरे आता नाहीत, घर कागदोपत्री अजून त्यांच्याच नावावर, आणि एक चावी शेजारीच राहणाऱ्या धाकट्या जाऊबाईंकडे असते. यंदा जत्रेला गेल्या तर स्लॅबवर काळ्या केबलींचं जाळं, काही टाकीच्या पायपाला झिपटायनं आवळलेल्या, कठड्याला ड्रिल मारून एक पांढरा डबा बसवलेला आणि त्या डब्यातून निघालेली वायर थेट जिन्यातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये, म्हणजे करंट पण यांच्याच मीटरचा. शिवाय मागच्या घराची लाईटची सर्व्हिस वायर याच स्लॅबवरून गेलीय, हात वर केला तर लागेल इतकी खाली. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या घरातून विचारूनच टाकलंय, अख्ख्या गल्लीचं नेट त्याच्यावर आहे." मिस्टर म्हणतात आपण तिथं राहत नाही, कशाला वाईटपणा घ्यायचा. पण पुढच्या वर्षी वर एक मजला चढवायचाय. ताईंचा प्रश्न: माझ्या घरावरची वायर मी पक्कड घेऊन कापली तर माझं काय चुकलं? आणि आज गप्प बसलो तर वीस वर्षांनी हे लोक हक्क सांगणार नाहीत कशावरून?

ताई, सगळ्यात आधी तो दिव्याचा होल्डर. बाकी सगळं पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल पण हे याच आठवड्यात करा. जिन्यात उभं राहून होल्डर, वायर आणि डबा एकाच फोटोत येतील असे दोन-तीन फोटो काढून घ्या (जत्रेत काढले असतील तर उत्तम, नसतील तर जाऊबाईंच्या मुलाला सांगा), मग केबलवाल्याला मेसेज टाका की आमच्या मीटरवरून घेतलेला सप्लाय दोन दिवसांत काढून घ्या, नाहीतर आमचा इलेक्ट्रिशियन येऊन काढेल. फोन नको, मेसेजच. आणि काढायला खरंच इलेक्ट्रिशियनच पाठवा, होल्डरमधून काढलेलं कनेक्शन कसं जोडलेलं असतं ते देवालाच माहीत. पैशाचं म्हणाल तर असलं दहा-बारा वॅटचं उपकरण चोवीस तास चालू राहिलं तरी महिन्याला सात ते नऊ युनिट, म्हणजे बिलाचं दुखणं फार मोठं नाही. दुखणं हे आहे की मीटर घरगुती, त्यावर चाललाय दुसऱ्याचा धंदा, आणि उद्या महावितरणचं पथक तपासणीला आलं तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली "मंजूर कारणाशिवाय वापर" म्हणून आधी विचारणा होईल ती ज्याच्या नावाचं मीटर आहे त्याला, केबलवाल्याला नंतर. तुमच्या केसमध्ये तर मीटर पण कैलासवासी सासऱ्यांच्याच नावावर असणार असं मला वाटतंय.

आता यावरूनच मूळ मुद्द्यावर येते. तुम्ही पत्रात "माझं घर", "माझ्या घरावर" असं बऱ्याच वेळा लिहिलंय आणि मग एका ओळीत जाता जाता सांगून टाकलंय की घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. मला ती एक ओळ बाकीच्या सगळ्या पत्रापेक्षा महत्त्वाची वाटली. मृत्युपत्र नसेल आणि घर त्यांच्या कमाईचं असेल तर ते सासूबाई (असतील तर), दोन्ही मुलगे आणि मुली या सगळ्यांचं मिळून झालं, त्यात तुमचे मिस्टर एक हिस्सेदार, धाकटे दीर दुसरे. आणि परवानगी दिली कुणी, तर धाकट्या जाऊबाईंनी. आता जाऊबाई काही स्वतः वारस नाहीत, जशा तुम्हीही नाहीत, पण त्यांच्या घरातला माणूस हिस्सेदार आहे आणि चावी तुम्हीच दिलेली. सगळ्यांच्या सामाईक घराची परवानगी एकट्यानं देता येते का यावर वकील तासभर भांडतील, पण "चोरून घुसला" असं म्हणून पोलिसात जायचं तर ते तुम्हाला अवघड जाणार, ठाण्यातला हवालदार पहिलं वाक्य हेच बोलेल की तुमच्याच माणसानं दार उघडून दिलं की हो. फार तर एनसी (अदखलपात्र तक्रार) लिहून घेतील आणि दिवाणी मामला आहे म्हणून परत पाठवतील.

म्हणून मजला चढवायचाय म्हणताय तर वारस नोंद आत्ताच लावायला घ्या, बांधकाम परवानगीला ती लागणारच आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढा, पण लक्षात ठेवा तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. आणि वायरीबद्दल जे काही पत्र जाईल त्यावर सही मिस्टरांची हवी, जमलं तर दिरांची पण. तुमच्या एकटीच्या सहीचं पत्र केबलवाला बाजूला ठेवून देईल आणि कागदावर बघायला गेलं तर त्याचं चुकणारही नाही.

दुसरं, तुम्ही "वायरी" असा एकच शब्द धरून बसलाय. स्लॅबवर उभं राहून जरा नीट बघा, त्या सगळ्या एकाच्या नसतात. एक आहे लाईटची सर्व्हिस वायर, तिचा कायदा वेगळा आणि जीवाला धोका पण तिचाच. दुसऱ्या नेटच्या फायबर, त्यावर बहुतेक वेळा कंपनीचं नाव छापलेलं असतं, दर एखाद्या मीटरवर बारीक पांढऱ्या अक्षरात, ते मोबाईलनं झूम करून फोटो काढा. तिसऱ्या जुन्या केबल टीव्हीच्या, त्यातल्या निम्म्या मेलेल्या असतात, गिऱ्हाईकांनी डिश घेतली तरी वायर कुणी गुंडाळून नेत नाही. मेलेल्या वायरींबद्दल केबलवाला काही वाद घालणार नाही, "हो हो काढतो" म्हणेल, तेवढ्या त्याच्याकडून पहिल्या फटक्यात काढून घ्या, अर्धं जाळं तिथंच कमी होईल आणि बोलणीही सुरू होतील.

आता कापण्याबद्दल. नका कापू. वायर तुमच्या स्लॅबवर पडली म्हणून ती तुमची होत नाही, मालक तो, जागा तुमची, या दोन गोष्टी वेगळ्या. 2023 च्या दूरसंचार कायद्यात नेटवर्कचं नुकसान केलं तर भरपाई आणि वर 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, गल्लीतल्या फायबरसाठी कुणी 50 लाख लावणार नाही हे मलाही कळतं पण तक्रार करायला त्याला आयतं कारण मिळतं आणि आजवर तो चुकीचा होता ते उद्यापासून तुम्ही चुकीच्या ठरता. शिवाय गल्लीत कुणाची ऑनलाईन परीक्षा चालू असेल, कुणी घरून काम करत असेल, त्यांनी तुमचं काय वाकडं केलंय? त्यांना तर माहीतही नाही त्यांची वायर कुणाच्या टाकीला बांधलीय. आणि लाईटच्या वायरीला तर हात लावायचा विचार पण मनात आणू नका, पक्कड घेऊन तर अजिबात नाही.

पण याच 2023 च्या कायद्यात तुमच्या बाजूचंही आहे आणि ते केबलवाल्यांना सहसा माहीत नसतं किंवा माहीत नसल्यासारखं करतात. खासगी जागेवरून नेटवर्क न्यायचं असेल तर कंपनीनं जागेच्या मालकाकडे अर्ज करायचा, दोघांत ठरेल त्या अटींवर करार करायचा, आणि नाहीच जमलं तर सार्वजनिक हितासाठी गरजेचं आहे का ते सरकार ठरवणार, अशी रचना आहे. त्याखालचे राइट ऑफ वे (जागेतून वायर न्यायची परवानगी) नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेत. आणि परवानगी मिळाली तरी कंपनीला जागेत मालकी किंवा हिस्सा मिळत नाही, फक्त वायर ठेवायला मिळते. तेव्हा तो जे "घरातून विचारलंय" म्हणतोय त्याला तुम्ही शांतपणे एवढंच विचारा की लेखी कुठाय, आणि तुम्ही कोणत्या परवानाधारक कंपनीसाठी वायर टाकलीय तिचं नाव काय. गावातला केबलवाला बऱ्याचदा फ्रँचायझी असतो, मूळ कंपनी पुण्या-मुंबईची. कंपनीच्या वेबसाईटवर तक्रार निवारणाचा ईमेल असतो, तिथं फोटोसकट एक मेल गेला की खालचा माणूस तुम्हाला "वहिनी" ऐवजी "मॅडम" म्हणायला लागतो, हे मी या सदराला आलेल्या पत्रांवरूनच सांगते.

वीस वर्षांच्या भीतीचं काय? ही भीती अगदीच खोटी नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात कलम 15 आहे, वीस वर्षं उघडपणे, शांततेनं, खंड न पडता आणि "हक्कानं" एखाद्या जागेचा वापर केला तर सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा ठरावीक कामासाठी वापर करत राहायच्या हक्काचा, दावा करायला वाव मिळतो. मागच्या घराच्या सर्व्हिस वायरीबद्दल तो शेजारी उद्या असं काही बोलू शकतो. पण यातला "हक्कानं" हा भाग नीट वाचा. तुमच्या परवानगीनं चाललेला वापर हा हक्कानं केलेला धरला जात नाही. म्हणजे बहुतेकांना वाटतं त्याच्या बरोब्बर उलटं आहे ताई. लोक समजतात परवानगी दिली की अडकलो आणि न दिली तर सुरक्षित, पण बघून न बघितल्यासारखं करत वर्षानुवर्षं काढली तर त्यातून त्यांचा दावा तयार होतो, आणि आज एका कागदावर "आम्ही सांगू तेव्हा काढून घेण्याच्या अटीवर तात्पुरतं राहू देतोय" असं लिहून त्याची सही घेतली तर तो दावा तिथंच संपतो. मिस्टरांचं गप्प बसणं आणि तुमची पक्कड, दोन्ही मला पसंत नाही ते यासाठी.

एक खबरदारी मात्र घ्यायची. त्याच कायद्यात कलम 60 म्हणतं की दिलेली परवानगी कधीही मागे घेता येते, अपवाद असा की परवानगीच्या भरवशावर समोरच्यानं खर्च करून कायम स्वरूपाचं काही बांधलं तर मग मागे घेता येत नाही. झिपटायनं बांधलेली केबल म्हणजे काही कायमचं बांधकाम नव्हे. पण उद्या तो म्हणाला वहिनी कठड्याला एक लोखंडी पोल सिमेंटमध्ये बसवतो, वायरी वर उचलून घेतो, तुम्हालाच बरं, तर तिथं नाही म्हणा. ऐकायला चांगलं वाटतं आणि तिथंच फसायला होतं.

मग लिहायचं काय? वकिली भाषेची गरज नाही. असं लिहा: "आमच्या अमुक मिळकत नंबरच्या घराच्या स्लॅबवरून आपण आमच्या लेखी परवानगीशिवाय केबल नेल्या आहेत व कठड्यास छिद्रे पाडून डबा बसवला आहे. आमच्या वीज मीटरवरून घेतलेला पुरवठा तात्काळ बंद करावा. बंद असलेल्या केबल व डबा 15 दिवसांत काढून छिद्रे वॉटरप्रूफिंगसह बुजवून द्यावीत. चालू केबल पर्यायी मार्गाने नेईपर्यंत केवळ तात्पुरती मुभा देत असून ती आम्ही केव्हाही रद्द करू शकतो, यातून आपणास कोणताही हक्क प्राप्त होत नाही. वरचा मजला बांधणार असल्याने अमुक तारखेपर्यंत सर्व केबल हलवाव्यात." खाली सह्या, सोबत फोटो. एक प्रत हातात देऊन दुसरीवर पोच घ्या, नाही दिली पोच तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. वॉटरप्रूफिंगचं मुद्दाम लिहिलंय, कारण कठड्यात आणि स्लॅबच्या कडेला मारलेल्या भोकातून पहिल्याच पावसात पाणी मुरतं आणि खालच्या खोलीत पोपडे यायला लागतात तेव्हा कुणालाच आठवत नाही भोक कुणी पाडलं होतं.

तो बहुतेक म्हणेल वहिनी तुम्हाला फुकट नेट देतो, राहू द्या की. तुम्ही तिथं वर्षातून दोनदा जाता, तुम्हाला त्या नेटचा काय उपयोग? घेतलंच तर तेही त्याच कागदात लिहा, की नेट बंद केलं काय नि चालू ठेवलं काय, वायर काढायची अट तशीच राहील. मी असते तर घेतलं नसतं.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर गावचे सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्यासमोर एक बैठक, गावात यानं बऱ्याचदा काम होतं कारण केबलवाल्याला गावातच धंदा करायचाय. त्यानंही नाही झालं तर तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, 1987 च्या कायद्यानुसार महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, आणि दावा लावायच्या आधीच समोरच्याला बोलवून तडजोडीसाठी लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं. दिवाणी कोर्टात वायर काढायचा हुकूम मागता येतो हे खरंय पण दोन फायबरसाठी तारखांना पिंपरीहून हेलपाटे घालायची वेळ येऊ देऊ नका.

आता लाईटची वायर, जी मला खरी काळजीची वाटते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमात 650 व्होल्टपर्यंतच्या लाईन आणि सर्व्हिस वायरसाठी सपाट स्लॅबपासून वर किमान 2.5 मीटर आणि बाजूनं 1.2 मीटर अंतर लागतं, म्हणजे ढोबळमानानं आठ फूट आणि चार फूट. तुमच्या स्लॅबवर हात लागतो म्हणजे ते अंतर नाहीच. तिथं कुणी मसाला वाळत घालायला गेलं, ओल्या कपड्यांची काठी वर केली, पोरं पतंग काढायला चढली, पुढचं मी लिहीत नाही. महावितरणच्या 1912 या फोन नंबरवर तक्रार नोंदवून तक्रारीचा नंबर घ्या आणि गावच्या सेक्शन ऑफिसला कनिष्ठ अभियंत्याच्या नावानं अर्ज द्या, त्यात "सुरक्षित अंतर नाही" हे शब्द असू द्या, "आमच्या जागेतून गेली" एवढंच लिहिलं तर अर्ज पडून राहतो. दाद नाही लागली तर अर्जाची प्रत जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांना.

परवानगीचं बोलायचं तर 2006 च्या नियमांप्रमाणे (वर्क्स ऑफ लायसन्सीज रूल्स, 2006) वीज कंपनीनं खासगी जागेतून लाईन नेताना मालकाची आधी संमती घ्यायची असते, मालकानं हरकत घेतली तर जिल्हाधिकारी किंवा राज्य सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि आधीच टाकलेली लाईनसुद्धा सबळ कारण दाखवलं तर हलवायचा आदेश ते देऊ शकतात. कागदावर हे असं. प्रत्यक्षात काय होतं, तर आधी तुमच्या हातात शिफ्टिंगचं एस्टिमेट येतं. इथं एक प्रश्न स्वतःला विचारा: वायर आधी की स्लॅब आधी? तुम्ही लिहिलेलं नाही. घर आधीचं असेल आणि वायर नंतर आली असेल तर खर्च तुम्ही का भरायचा हे ठणकावून विचारा. पण वायर जुनी आणि तुम्ही खालून स्लॅब टाकलात किंवा आता त्याखाली मजला चढवताय, तर बांधकामाच्या आधी कंपनीला कळवून लाईन हलवायचा खर्च बांधणाऱ्यानंच द्यायचा असा नियम आहे. मागच्या शेजाऱ्याशी बोला, त्याला दुसऱ्या पोलवरून कनेक्शन मिळत असेल तर खर्च दोघांत वाटून घेणं मला कोर्टापेक्षा स्वस्त दिसतंय. कॉलम उभे राहिल्यावर नव्हे, त्याच्या आधी.

आणि जाऊबाई. पत्रात तुमचा सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर आहे आणि केबलवाल्यावर त्याहून कमी. पण विचार करा, बंद घराची चावी घेऊन पाणी बघणं, झाडलोट, पावसाळ्यात कुठं गळतंय का बघणं हे वर्षभर त्याच करतात. दारात ओळखीचा पोरगा येऊन "काकू वरून जरा वायर न्यायचीय" म्हणाला, त्यांनी हो म्हटलं. मीटरमधून करंट घेतोय हे त्यांना सांगितलंही नसेल. त्यांना "कुणाला विचारून दिलीत" असा फोन करू नका, त्याऐवजी पुढच्या वेळी कुणी आलं तर "पिंपरीच्या लोकांना विचारून सांगते" एवढंच म्हणा असं सांगा, त्यांनाही नाही म्हणायला एक सबब मिळते. आणि त्या पत्रावर दिरांची सही घ्यायचीय हे विसरू नका, ती भांडून मिळणार नाही.

अशाच अडचणीतल्या बाकी वाचकांसाठी थोडंसं. सोसायटीत राहत असाल तर टेरेस तुमच्या एकट्याचं नाही, वरच्या मजल्यावाल्यांचंही नाही, ते सोसायटीचं आहे, तेव्हा केबलवाल्याशी पत्रव्यवहार कमिटीनं करायचा आणि तुम्ही कमिटीला लेखी द्यायचं. सेक्रेटरीनं परस्पर परवानगी देऊन "मेंटेनन्समध्ये जमा करतोय" म्हटलं असेल तर जनरल बॉडीत त्याची पावती मागा. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाला फोटो पाठवा आणि तुम्ही मध्ये पडू नका.

शेतात पोल किंवा डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहे असं लिहिणारे पण बरेच आहेत, त्यातल्या जवळपास सगळ्यांनी तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज पाठवलाय की वीज कायद्याच्या कलम 57 खाली डीपीसाठी महिन्याला दोन ते पाच हजार मिळतात, अर्ज कुठं करायचा ते सांगा. कलम 57 मी वाचलंय, ते वीज कंपनीच्या सेवेच्या दर्जाबद्दल आहे, ठरलेल्या दर्जाची सेवा नाही दिली तर ग्राहकाला भरपाई, त्यात डीपीच्या भाड्याचा शब्दही नाही. भाडं किंवा मोबदला मागायचा असेल तर वर सांगितलेल्या 2006 च्या नियमांचं नाव घालून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, त्यांना मोबदला किंवा वार्षिक भाडं ठरवायचा अधिकार आहे, सोबत सातबारा, पोल कुठल्या गटात आहे त्याचा कच्चा नकाशा आणि फोटो जोडा, आणि तो मेसेज छापून जोडू नका.